पैनगंगेच्या दोन तीरांवर अवयवदानाचा कायदा



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानात अवयवदानाचा विषय पाहून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. सरस्वतीच्या मंदिरात शस्त्रक्रियागृहाची भाषा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु अवयवदानाची सारी व्यवस्था, तिचे कायदे, मंडळे, याद्या, नमुने, हे सर्व अखेरीस एका प्रश्नापाशी येऊन थांबते. तो प्रश्न एक अपरिचित मनुष्य एका शोकाकुल कुटुंबाला विचारतो आणि काही तासांत त्याचे उत्तर मागतो. तो कोणत्या भाषेत विचारला जातो, हा आदिलाबादसारख्या जिल्ह्यात गौण मुद्दा नव्हे.

हा जिल्हा सीमेवरचा. उत्तरेस पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखाकडे गेले; उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ मध्ये तेलंगणात आला. २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. नकाशे बदलले, सोयरिकी बदलल्या नाहीत. आजही मोठे दुखणे आले की आदिलाबादचा माणूस दोन दिशांना पाहतो. नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. दुखणे साधे असेल तर ज्या गावी नातेवाईक, त्या गावी तो जातो. परंतु निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या जागी दुसरे बसवायचे असेल, तर कोणत्या शहरात जायचे ह्या प्रश्नाबरोबर कोणत्या कायद्याखाली जायचे हाही प्रश्न अनेक वर्षे त्याच्या वाट्याला आला. ते कसे घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेनांनी बसविलेले हृदय काही तासच चालले. त्या काळी ह्या देशात मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा कायदा नव्हता; हृदय थांबले म्हणजेच मनुष्य मेला, ही एकच व्याख्या होती, आणि थांबलेले हृदय घेऊन रोपणाचा उपयोग नाही, ह्या पेचात शल्यचिकित्सक सापडलेले. मूत्रपिंडाची गोष्ट वेगळी. जिवंत माणूस दोहोंपैकी एक देऊ शकतो. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीरीत्या बसविले गेले आणि मार्ग खुला झाला. मार्गाबरोबर बाजारही आला. १९८० च्या दशकात मुंबई आणि मद्रास ही शहरे मूत्रपिंड विकत मिळण्याची ठिकाणे म्हणून परदेशांत ओळखली जाऊ लागली. विकणारा कर्जाने गांजलेला, घेणारा धनवान, मधला दलाल. महाराष्ट्राने १९८२ मध्ये मूत्रपिंडरोपणाचा स्वतंत्र कायदा केला होता. त्याहीपूर्वी १९५७ चा नेत्रपटल रोपणाचा मुंबई कायदा होता. परंतु ह्या तुकड्यातुकड्यांच्या कायद्यांनी बाजार थांबला नाही. १९९१ मध्ये डॉ. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतून १९९४ चा मानवी अवयव रोपण कायदा आला. ८ जुलै १९९४ रोजी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, ३ ऑगस्टला, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. सेनांच्या आणि वेणुगोपालांच्या शस्त्रक्रियांत सव्वीस वर्षांचे अंतर आहे. त्या काळात औषधांची प्रगती झाली हे खरे, पण मृत्यूच्या व्याख्येची वाटही तेवढाच काळ पाहावी लागली.

आता कायद्याच्या रचनेकडे वळू. सार्वजनिक आरोग्य हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय. संसदेने त्यावर कायदा करायचा तर घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाप्रमाणे निदान दोन राज्यांच्या विधानमंडळांनी तसा ठराव करून मागणी करावी लागते. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ह्या तीन राज्यांनी ती केली. म्हणून ४ फेब्रुवारी १९९५ रोजी हा कायदा प्रथम ह्या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. इतरांनी आपापल्या ठरावाने तो यथावकाश स्वीकारला. आंध्र प्रदेशाने तसे न करता १९९५ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला. तो बहुतांशी केंद्राच्याच घडणीचा होता, त्यामुळे प्रारंभी फरक जाणवला नाही. खरा फरक पडला तो २०११ मध्ये. संसदेने त्या वर्षी मूळ कायद्यात मोठी दुरुस्ती केली, जानेवारी २०१४ मध्ये ती अमलात आली, त्यामागून नवे नियम आले. आंध्रचा कायदा मात्र होता तिथेच राहिला आणि तोच तेलंगणाला वारशाने मिळाला.

दुरुस्तीत काय होते? एकच उदाहरण पुरे. मूळ कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. दुरुस्तीने ह्या यादीत आजी-आजोबा आणि नातवंडे आली. समजा, एखाद्या आजीला नातवासाठी मूत्रपिंड द्यायचे आहे, आणि वय व प्रकृती साथ देत आहे. केंद्राची दुरुस्ती स्वीकारलेल्या राज्यात ती 'जवळची नातेवाईक'. नाते सिद्ध केले की पुरे. हैदराबादेत मात्र कायद्याच्या लेखी ती परकी. परक्या दात्याला प्राधिकार समितीपुढे उभे राहून सांगावे लागते की हे दान पैशासाठी नाही, आपुलकीपोटी आहे. 'आपुलकी किंवा ओढ' असाच कायद्यातील शब्दांचा आशय आहे. ज्या शब्दांवर कवींनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिले, त्यांचा पुरावा एक समिती कागदपत्रांवरून तपासते. हसू येण्याजोगे आहे खरे, पण बाजार डोळ्यांसमोर आणला की हसू मावळते. दलालही आपुलकीची प्रतिज्ञापत्रे करून आणतोच.

जानेवारी २०२५ मध्ये हैदराबादच्या सरूरनगर भागातील एका खासगी रुग्णालयात परवाना नसताना मूत्रपिंडरोपण होत असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, तेलंगणाच्या विधानसभेने दुरुस्तीसह केंद्रीय कायदा स्वीकारण्याचा ठराव केला. तीस वर्षे पैनगंगेच्या दोन तीरांवर चाललेले दोन कायदे अशा रीतीने एकत्र येण्याच्या वाटेला लागले. केंद्रीय कायद्यात शिक्षाही कडक आहे. अवयवांचा व्यापार केल्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड. आजीही आता नातेवाईक झाली.

येथे 'दान' ह्या शब्दाविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. अवयवदानावरील प्रत्येक भाषणात दधीची ऋषींची अस्थी येते. दृष्टान्त उदात्त आहे, पण तो व्यवहाराशी जुळत नाही. दधीचींनी स्वतः, शुद्धीवर असताना, मागणाऱ्याला ओळखून दिले. आजच्या मरणोत्तर अवयवदानात दाता बोलू शकत नाही, घेणारा कोण हे देणाऱ्याला सांगितले जात नाही, आणि निर्णय तिसराच कोणीतरी करतो. मनुष्याने हयातीत दोन साक्षीदारांसमोर इच्छापत्र भरून ठेवले असले तरी प्रत्यक्षात रुग्णालय कुटुंबाच्या संमतीवाचून पाऊल उचलत नाही. म्हणजे दान मृताच्या नावे, परंतु देण्याचा भार पत्नीवर, आईवर, भावावर. दुसरा एक घोटाळा सर्रास आढळतो, तो देहदान आणि अवयवदान ह्यांतला. देहदान म्हणजे मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागास अभ्यासासाठी देणे. त्याचे कायदे निराळे. घरी, अंथरुणावर, हृदय थांबून आलेल्या मृत्यूनंतर देहदान होते आणि नेत्रदान होते. यकृत, हृदय, मूत्रपिंडे ह्यांचे दान साधारणतः होत नाही. त्याला लागतो मेंदूमृत्यू, आणि तो अतिदक्षता विभागातच ओळखता येतो.

मेंदूमृत्यू म्हणजे बेशुद्धी नव्हे, ही गोष्ट सर्वांत आधी समजली पाहिजे. बेशुद्ध मनुष्य वर्षानंतरही डोळे उघडू शकतो. मेंदूचा खोडभाग कायमचा बंद पडला की श्वासाची प्रेरणाच नाहीशी होते. यंत्र श्वास देत राहते म्हणून हृदय आणखी काही काळ धडधडते, अंग ऊन लागते, छाती वरखाली होते. नातेवाइकांच्या डोळ्यांना हे जिवंतपणच दिसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणूनच कायद्याने हा निर्णय एका डॉक्टरवर सोपविलेला नाही. रुग्णालयाचा प्रमुख, मान्य यादीतील एक तज्ज्ञ, मेंदूविकारांचा तज्ज्ञ आणि उपचार करणारा डॉक्टर, अशा चौघांचे मंडळ ठरावीक चाचण्या करते. निदान सहा तासांनी त्याच चाचण्या पुन्हा होतात, आणि मगच चौघांच्या सह्या होतात. यंत्र थोडा वेळ थांबवून श्वास आपोआप येतो का, हे पाहणे ही त्यांतली एक चाचणी. अवयव काढणारे किंवा बसविणारे शल्यचिकित्सक ह्या मंडळात असू शकत नाहीत. मृत्यू ठरविणारे आणि त्या मृत्यूची वाट पाहणारे हे कायद्याने वेगळे ठेवले. साऱ्या कायद्यातील सर्वांत शहाणे कलम कोणते असे विचारले, तर हेच म्हणावे लागेल.

अपघाताचा मृत्यू असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आले. नागपूर-हैदराबाद महामार्गावर अपघात झाला तर रुग्णाबरोबर हा सोपस्कारही चालू लागतो. पूर्वी शवविच्छेदन सूर्यास्तानंतर होत नसे. त्यात रात्र जाई आणि अवयवही जात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने अवयवदानासाठी रात्री शवविच्छेदनास अनुमती दिली.

आता तो प्रश्न. २०११ च्या दुरुस्तीने रुग्णालयावर एक कर्तव्य घातले: अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू झाला असता नातेवाइकांना अवयवदानाच्या पर्यायाची माहिती दिलीच पाहिजे. त्यासाठी अवयवरोपण समन्वयक नेमल्यावाचून रुग्णालयाची नोंदणीच होत नाही. स्पेनचे उदाहरण ह्या बाबतीत उद्‌बोधक आहे. तेथे १९७९ च्या कायद्याने, नकार नोंदविला नसल्यास संमती गृहीत धरली. पुष्कळांना वाटते, ह्या कायद्यामुळेच स्पेन जगात आघाडीवर गेला. तेथील जाणकार तसे मानत नाहीत. कायदा असूनही दहा वर्षे विशेष फरक पडला नव्हता. १९८९ मध्ये राष्ट्रीय रोपण संघटना स्थापन झाली, रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले, आणि मग आकडा चढत गेला. आज तेथे दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला चाळीसहून अधिक मरणोत्तर दाते असतात. भारतात एकही भरत नाही. आणि गृहीत संमतीच्या त्या देशातही समन्वयक कुटुंबाला विचारतोच.

तेलंगणाचा अनुभव हेच सांगतो. कायदा जुना असतानाही ह्या राज्याने काम उभे केले. अविभक्त आंध्रात २०१० च्या शासकीय आदेशाने 'जीवनदान' योजना आखली गेली, २०१३ पासून ती हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेतून प्रत्यक्ष चालू लागली. २०२३ मध्ये देशभरात १,०९९ मरणोत्तर दाते झाले. एका वर्षात हजाराचा टप्पा देशाने प्रथमच ओलांडला. त्यांपैकी २५२ एकट्या तेलंगणातले, म्हणजे देशात सर्वाधिक. महाराष्ट्रात त्या वर्षी १४८ होते. लोकसंख्या ध्यानात घेतली म्हणजे अंतर आणखी वाढते.

मिळालेला अवयव कोणाला द्यायचा, हे यादी ठरविते. हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते, यकृताला साधारण बारा तास मिळतात, मूत्रपिंडाला एक दिवस वा किंचित अधिक. मूत्रपिंडाच्या यादीत गुण दिले जातात: डायलिसिसवर किती काळ गेला, वय काय, डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी निकामी झाली आहे का, पूर्वीचे रोपण वाया गेले आहे का. ज्याने पूर्वी स्वतःचे मूत्रपिंड दुसऱ्याला दिले आणि आज तोच गरजू आहे, त्यालाही जादा गुण आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. मुंबईचे २००० साली सुरू झाले. त्यांच्यावर प्रादेशिक केंद्र, तेही डॉ. सेनांच्याच के.ई.एम. रुग्णालयात, आणि सर्वांवर दिल्लीची राष्ट्रीय संघटना.

सीमेवरच्या माणसाने ही उतरंड नीट पाहावी. महाराष्ट्र मुंबईच्या पश्चिम विभागात आहे, तेलंगणा चेन्नईच्या दक्षिण विभागात. नागपुरात दान झालेल्या अवयवाला नागपूर विभागात योग्य रुग्ण मिळाला नाही तर तो महाराष्ट्राच्या इतर केंद्रांकडे, मग पश्चिम विभागाकडे जातो, आणि तेथेही कोणी न मिळाल्यास देशाच्या यादीत. हैदराबादेत नाव नोंदविलेला आदिलाबादचा रुग्ण दोनशे किलोमीटरवर असूनही त्या अवयवापासून सर्वांत दूर असतो. नागपुरात नाव नोंदवावे म्हटले, तर कित्येक राज्ये अधिवासाचा दाखला मागत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ही अट काढून टाकण्यास राज्यांना सांगितले. रुग्णाला कोणत्याही राज्यात नोंदणी करता यावी, नोंदणीचे शुल्क घेऊ नये, पासष्ट वर्षांची मर्यादाही नको, असे ठरले. वृत्तपत्रांत ही बातमी एका दिवसापुरती आली. आदिलाबाद, आसिफाबाद, किनवट येथल्या रुग्णांना मात्र ती घरात लावून ठेवण्यासारखी होती.

ह्या व्यवस्थेत सारे गोमटे आहे असे मानण्याचे कारण नाही. बहुतांश रोपणे खासगी रुग्णालयांत होतात. अपघातात गेलेला मजूर देतो, आणि घेणारा बहुधा लाखांचा खर्च पेलू शकणारा असतो. आरोग्यश्रीसारख्या योजनेत मूत्रपिंडरोपणाचा समावेश आहे, तरी सरकारी रुग्णालयांची क्षमता वाढल्याखेरीज हे पारडे सरळ होणार नाही. दुसरी बाब अधिक बोचरी. २०२३ मध्ये जिवंत दात्यांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. अवयव मिळणाऱ्यांत मात्र पुरुषांचीच बहुसंख्या. पत्नी देते, आई देते, बहीण देते. तिची पाळी आली की कुटुंबाला दाता सापडत नाही. 'आपुलकी' तपासणाऱ्या समितीला येथे विचारायला काहीच उरत नाही, कारण पत्नी ही जवळची नातेवाईक. कागद चोख असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघटनेने प्रतीक्षायादीत स्त्रियांना आणि मरणोत्तर दात्यांच्या नातेवाइकांना अग्रक्रम देण्याविषयी राज्यांना सूचना केली. मरणोत्तर दान वाढले तर घरातल्या स्त्रीवरचे हे ओझे आपोआप हलके होईल, हा त्यामागचा खरा हिशेब आहे.

आणि मरणोत्तर दान त्या प्रश्नावर अवलंबून. ह्या जिल्ह्यात तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा अशा भाषा घराघरांतून बोलल्या जातात. भैंसा-मुधोळकडचा शेतकरी किंवा उटनूरकडचा गोंड हैदराबादच्या अतिदक्षता विभागाबाहेर उभा असतो. आत त्याचा मुलगा. समन्वयक तेलुगूत बोलतो, मध्येच हिंदीत, महत्त्वाचे शब्द इंग्रजीत. 'ब्रेन डेड' हा शब्द ऐकून बाप विचारतो, "म्हणजे वाचेल का?" हा त्याचा अडाणीपणा नव्हे. त्याच्या भाषेत हा शब्द कोणी त्याला दिलेलाच नाही. मराठीतही 'मेंदूमृत्यू', 'मस्तिष्कस्तंभमृत्यू' अशी नावे फिरतात. पहिले तरी कळते, दुसरे उच्चारतानाच माणूस दमतो. न समजलेल्या प्रश्नाला 'नाही' हेच प्रामाणिक उत्तर असते. तो शब्द संकटाच्या रात्री प्रथम कानी पडू नये, यासाठी तो आधीच गावात पोचला पाहिजे. वाचनालयाच्या टेबलावर वृत्तपत्राशेजारी मराठीतील एक पत्रक असावे, एवढी मागणी मोठी नाही. मागणारा डॉक्टर असण्याचेही कारण नाही.

जिल्ह्याच्या हातात आजही एक गोष्ट आहे आणि तिला अतिदक्षता विभाग लागत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९० च्या दशकात मुधोळ येथे ग्रामीण नेत्रकेंद्र उभारले. त्याला भोसले गोपाळराव पटेल हे नाव आहे. नेत्रपटल काढण्यास डॉक्टरच हवा ही अटही २०११ च्या दुरुस्तीने शिथिल केली. प्रशिक्षित तंत्रज्ञ ते करू शकतो. दात्याला चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, वय ऐंशी असले, तरी हरकत नाही. घरी मृत्यू झाला असता पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवावी, डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करावे, आणि नेत्रपेढीला कळवावे. वेळ सहा तासांचा असतो.